पॉवर्ड मिक्सर घेताना: बेळगाव सीमाभागातल्या छोट्या मंडळांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव तालुक्यातली भजनी मंडळं, खानापूरकडचे सप्ताह-पारायणवाले, निपाणी-चिकोडी पट्ट्यात लग्न-बारशाची गाणी करणारे पाच-सहा जणांचे गट, कडोली-उचगाव-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात स्वागतगीत म्हणणारी पोरं, या सगळ्यांची अडचण साधारण एकच असते. पैसा वर्गणीचा असतो आणि वस्तू एकदाच घ्यायची असते. दुकानात गेल्यावर मात्र समोरचा वॅटशिवाय दुसरं काही बोलत नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला अभंगाचा शब्दन् शब्द कळला पाहिजे, एवढी एकच कसोटी धरून खालची उत्तरं लिहिली आहेत.

देवळात ॲम्प्लिफायर आहेच. मग पॉवर्ड मिक्सर कशाला?

देवळातला ॲम्प्लिफायर बहुतेक ठिकाणी सूचना, काकडा आणि कीर्तनाच्या एक-दोन माईकसाठी घेतलेला असतो. त्यात माईकच्या जागा मोजक्या असतात आणि बेस-ट्रेबलची बटणं बऱ्याचदा सगळ्या माईकना मिळून एकच. गाणाऱ्याचा आवाज उघडा करायला ट्रेबल वाढवलं की हार्मोनियम चिरकते आणि टाळ कानात घुसतात. पॉवर्ड मिक्सरमध्ये प्रत्येक माईकला स्वतःचा गेन, स्वतःचे हाय-मिड-लो आणि स्वतःचा इको असतो, शिवाय त्याच पेटीत स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर असतो. मिक्सरपासून दोन वायरी दोन बॉक्सना गेल्या की काम झालं.

साधा मिक्सर आणि ॲक्टिव्ह स्पीकर घेतले तर चालणार नाही का?

चालेल, आणि काही गटांना तेच बरं पडेल. फरक विजेच्या जागेचा आहे. ॲक्टिव्ह स्पीकरच्या आतच ॲम्प्लिफायर असतो, म्हणून प्रत्येक बॉक्सपाशी २३० व्होल्टचा प्लग लागतो. टिळकवाडीतल्या एखाद्या सभागृहात भिंतीभिंतीला प्लग असतात, तिथे प्रश्न नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या देवळाच्या अंगणात मात्र एकच बोर्ड असतो, तोही गाभाऱ्याच्या बाजूला. तिथून बायका-मुलांच्या पायांतून, भिजलेल्या जमिनीवरून विजेची एक्स्टेन्शन ओढणं मला पटत नाही. पॉवर्ड मिक्सरला एकच प्लग पुरतो आणि गर्दीतून जाते ती फक्त स्पीकरची वायर.

उलट बाजूही सांगतो. पॉवर्ड मिक्सरचा ॲम्प्लिफायर गेला की सगळंच बंद. ॲक्टिव्हमध्ये एक बॉक्स गेला तरी दुसऱ्यावर कार्यक्रम निभावतो. म्हणून पॉवर्ड मिक्सर घेताना मागे लाईन आउट आहे ना, हे बघाच. उद्या कुठून तरी ॲक्टिव्ह स्पीकर मागून आणला तर तो त्याला जोडता येतो.

आमचे सात-आठ जण आहेत. बारा चॅनल बास झाले ना?

खोक्यावरचा आकडा बघू नका. पॅनेलवर कॅनन पिनच्या (माईकच्या तीन पिनांच्या गोल) जागा किती आहेत, त्या बोटाने मोजा. बारा चॅनल लिहिलेल्या मिक्सरवर खरे माईक चारच बसतात असं पुष्कळदा दिसतं, कारण उरलेले आठ म्हणजे कीबोर्ड किंवा मोबाईलसाठीच्या चार स्टिरिओ जोड्या असतात.

मोजायचं असं: मुख्य गायक १, झील धरणारे २, हार्मोनियम १, पखवाज किंवा तबला १ ते २. म्हणजे भजनी मंडळाला सहा माईक इनपुट लागतात, आणि निवेदकाला किंवा बुवांना एक धरला तर सात. ऑर्केस्ट्रा असेल तर गायक २ ते ३, ढोलकी १, शिवाय कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजो. कीबोर्ड-ऑक्टोपॅड स्टिरिओ जोडीत जातात, त्यांच्यासाठी कॅननची जागा अडवायची गरज नाही. एक माईक इनपुट रिकामा राहील एवढा मोठा मिक्सर घ्या. चालू कार्यक्रमात एखादा चॅनल खरखरायला लागला की तो रिकामा चॅनलच कामाला येतो.

किती वॅटचा घ्यावा?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

आधी आकडा कुठला ते बघा. पीएमपीओ किंवा पीक (म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा) असं लिहिलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि आरएमएस किंवा सलग मिळणारे वॅट विचारा. ते किती ओहमला, म्हणजे बॉक्सच्या किती रोधाला, मिळतात हेही विचारा. ४ ओहमला ५०० वॅट देणारा मिक्सर ८ ओहमच्या एका बॉक्सला साधारण तीनशेच्या आसपासच देतो.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरच्या मागच्या कागदावरची सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे एक वॅट दिला तर एका मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. ९३ डेसिबलवाला बॉक्स बदलून ९६ चा घेतला तर त्याच मिक्सरचे वॅट दुप्पट केल्यासारखं आहे, आणि विजेचा भार वाढत नाही.

हिशेब करून बघू. ९६ डेसिबलच्या बॉक्सला १०० वॅट दिले तर एका मीटरवर जास्तीत जास्त ११६ डेसिबल मिळतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. म्हणजे २ मीटरवर ११०, ४ वर १०४, ८ वर ९८ आणि १६ मीटरवर ९२. हे गाण्यातल्या झटक्यांचं माप झालं. गाण्याची सरासरी त्याच्या निदान दहा डेसिबल खाली असते, म्हणजे १६ मीटरवर ८२. दीडशे-दोनशे माणसं बसलेल्या देवळाच्या अंगणात शब्द स्वच्छ कळायला हे पुरतं. यामाहाचा ईएमएक्स २ हा लहान मिक्सर ४ ओहमला २५० अधिक २५० वॅटचा आहे. चांगल्या बॉक्सवर तेवढी ताकद भजनाला भरपूर होते, त्याच्या माईकच्या जागा मात्र मोजून घ्या. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि नाचणारी मंडळी असतील तर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला ४०० ते ६०० वॅटकडे जा. त्याच्या वर गेलात तर बॉक्सही तसे लागतात आणि सगळाच खर्च हाताबाहेर जातो.

४ ओहम, ८ ओहम हा काय प्रकार आहे?

ओहमचा आकडा जितका कमी, तितका मिक्सरवर भार जास्त. ८ ओहमचे दोन बॉक्स एकाच बाजूला समांतर जोडले की ४ ओहम होतात. चार जोडले की २ ओहम. बहुतेक पॉवर्ड मिक्सर कुठल्याही एका बाजूला ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. मित्राचे अजून दोन बॉक्स मिळाले म्हणून एकाच बाजूला अडकवत गेलात तर मिक्सर गरम होऊन मध्येच बंद पडेल, नाहीतर कायमचा जाईल. एका बाजूला ८ ओहमचे जास्तीत जास्त दोन, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

देवळाच्या शिखरावरचे भोंगे त्याला जोडता येतील?

थेट नाही. ते भोंगे आणि खांबांवरचे उभे कॉलम स्पीकर बहुतेक १०० व्होल्ट लाईनचे असतात, आत ट्रान्सफॉर्मर असतो. पॉवर्ड मिक्सरच्या लाईन आउटमधून एक वायर देवळाच्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला द्या आणि भोंगे त्याच्यावरच राहू द्या. गाणं बॉक्समधून आणि आरती भोंग्यावरून, दोन्ही साधतं.

गाणाऱ्याला स्वतःचं काही ऐकू येत नाही. त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल का?

नाही, आणि पॉवर्ड मिक्सर घ्यावा असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हेच आहे. बऱ्याच मॉडेलवर एक बारकं बटण असतं: एका बाजूला लेफ्ट-राईट, दुसऱ्या बाजूला मेन-मॉनिटर. ते मेन-मॉनिटरवर टाकलं की एक ॲम्प्लिफायर लोकांकडचे दोन्ही बॉक्स मोनोमध्ये चालवतो आणि दुसरा गाणाऱ्यांसमोरचा मॉनिटर. गावच्या कार्यक्रमात स्टिरिओचा उपयोग जवळजवळ नाही. डावीकडे बसलेल्याला उजवा बॉक्स ऐकूच येत नसतो.

मॉनिटरमध्ये सगळं घालू नका. मुख्य गायकाचा आवाज आणि हार्मोनियम, बास. पखवाज शेजारीच वाजत असतो, तो परत मॉनिटरमधून कशाला? हे बटण आणि प्रत्येक चॅनलवर वेगळी मॉनिटर किंवा ऑक्सची घुंडी नसलेला मिक्सर स्वस्तात मिळत असेल तरी मी घेऊ देणार नाही. गाणारा बेसूर होतो तो बऱ्याचदा स्वतःला ऐकू न आल्यामुळे, आणि बोल त्याला लागतात.

माईक शिट्टी मारतो. महागडा मिक्सर घेतला तर थांबेल?

शिट्टी मिक्सरमुळे होत नाही. स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो म्हणून ती होते, आणि तिच्यावरचा पहिला उपाय फुकट आहे. बॉक्स माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला न्या. गाणाऱ्यांच्या मागच्या भिंतीला बॉक्स लावून वर आवाज वाढवत बसणं हा प्रकार आपल्याकडे अजून फार दिसतो.

दुसरा उपाय माईक कमी करण्याचा. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. दोन माईकवर जेवढा आवाज निघत होता, त्यापेक्षा आठ माईकवर ६ डेसिबल कमी निघेल. ज्याच्यासमोर कोणी गात नाही तो माईक म्यूट करा. आणि माईक ओठांपासून चार बोटांवर हवा. हातभर लांब धरून मिक्सरवाल्याला ‘वाढव’ म्हणून खुणावणाऱ्या बुवांना हे कार्यक्रमाआधी, आदराने, समजावून सांगा.

मग ग्राफिक इक्वलायझर. सात-नऊ पट्ट्यांचा असला तरी पुरतो. गर्दी येण्याआधी मास्टर हळूहळू वाढवायचा. कुठेतरी ‘हूं’ किंवा ‘ई’ असा सूर धरायला लागेल, त्या सुराची पट्टी दोन-तीन खुणा खाली ओढायची. ‘हूं’ असेल तर २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास शोधा, ‘ई’ असेल तर २००० ते ४००० मध्ये. सगळ्या पट्ट्यांची हसरी कमान करून ठेवलीत तर अभंगाचे शब्द ज्या मधल्या पट्टीत असतात तीच कापली जाते.

टाळ, पखवाज, हार्मोनियम, बेंजो यांना माईक कसे द्यायचे?

टाळांना माईक नकोच. वीस टाळकरी असले की टाळ सगळ्या माईकमधून आपोआप येतात. प्रश्न येतो तो त्यांना आवरण्याचा. साधा कार्डिऑइड माईक मागच्या बाजूने कमी ऐकतो. टाळकरी गायकाच्या पाठीमागे उभे राहिले तर ते माईकच्या तोंडासमोर येतात. त्यांना दोन्ही बाजूंना किंवा गायकाच्या समोर, माईकच्या पाठीकडे बसवा. एवढ्या एका बदलाने गाणं किती मोकळं होतं ते स्वतः ऐकून बघा.

हार्मोनियमचा माईक वरून, सुरांच्या पट्टीपासून वीतभर उंचावर, भात्यापासून लांब. चॅनलवर लो कटचं बटण असेल तर दाबा, म्हणजे भात्याची धडधड आणि गादीवरची हालचाल जाते. तबल्याला पैसे कमी असतील तर दोन्हींच्या मधोमध एकच माईक चालतो. पखवाजाला शक्य असेल तर दोन्ही तोंडांना एकेक द्या, नाहीतर धूम एकीकडे आणि चाट एकीकडे राहते.

बेंजोचं वेगळं आहे. त्याचा पिकअप सरळ लाईनमध्ये घातला की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, कारण त्याला जास्त इम्पीडन्सचं इनपुट लागतं. मिक्सरवर एखाद्या चॅनलला हाय-झेड असं बटण असतं, बेंजो तिथे. नसेल तर डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी पेटी) घ्या, साधा पॅसिव्ह नको, विजेवर चालणारा ॲक्टिव्ह घ्या. लांब पी-३८ (गिटारला असतो तसल्या जॅकच्या) केबलमधून येणारी घुंई पण त्याने जाते.

माईकबद्दल एकच सांगतो. शूअरचा एसएम ५८ हा १९६६ पासूनचा माईक आहे आणि आजही गायकांसाठी उत्तम आहे, पण बाजारात त्याची नक्कल फार. एकदम निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो खरा नाही.

४८ व्होल्टचं बटण दाबलं तर माईक जळेल का?

कॅनन केबलने जोडलेल्या साध्या डायनॅमिक माईकला काही होत नाही. ते बटण ज्यांना केबलमधूनच वीज द्यावी लागते त्या कंडेन्सर माईक आणि ॲक्टिव्ह डीआयसाठी आहे. धोका आहे तो घरी जोडून केलेल्या केबलचा: एका टोकाला पी-३८, दुसऱ्या टोकाला कॅनन, आणि त्यातून कीबोर्ड माईकच्या जागेत. ४८ व्होल्ट उलटे कीबोर्डच्या आउटपुटवर जाऊ शकतात. स्वस्त मिक्सरवर हे बटण सगळ्या माईकना मिळून एकच असतं, म्हणून ही केबल वापरूच नका.

इको किती ठेवावा?

लोकांना आवडतो त्याच्या निम्मा. दगडी देवळात तर त्याहून कमी, तिथे भिंतीच पुरेसा घुमारा देतात. इकोसाठी फूटस्विचची जागा असलेला मिक्सर निवडा. अभंग संपून बुवा निरूपणाला लागले की पायाने इको बंद. बोलण्यावर इको राहिला की कानडी असो वा मराठी, एक वाक्य कळत नाही.

गावात व्होल्टेज कमी-जास्त होतं. काय काळजी घ्यायची?

मिक्सरच्या पाठीवरची पाटी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर कमी दाबाला तो बऱ्यापैकी तोंड देतो. नुसतंच २३० असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च हिशेबात धरा. सप्ताहाच्या मंडपात हॅलोजन, पंखे आणि साऊंड एकाच लाईनवर असतात. वायरमनदादांना सांगून साऊंडला वेगळी लाईन मागा. जनरेटर असेल तर आधी तो चालू करून स्थिर होऊ द्या, मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, मगच प्लग लावा.

तिसरी पिन कधीही कापू नका. घुंई येते म्हणून अर्थिंग काढून टाकणारे लोक आहेत. घुंई थांबते, पण नंतर कुठे बिघाड झाला तर करंट माईकच्या जाळीवर येतो आणि गाणाऱ्याच्या ओठाला लागतो. घुंईचं कारण बहुतेक वेळा कीबोर्ड एका बोर्डात आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डात हे असतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे टेस्टरने नव्हे, वायरमनकडून तपासून घ्या. नसेल तर कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला तरी चालेल.

स्पीकरला कुठली वायर?

दुकानात मिळणारी बारीक लाल-काळी नको. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर ओढली तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं झालं, त्याचा रोध सुमारे ०.९ ओहम. ४ ओहमच्या जोडणीत बॉक्सपर्यंत पोचणारी ताकद एक तृतीयांशाने घटते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट सुमारे १२ टक्के. वॅटसाठी मोजलेले पैसे वायरीत घालवू नका. टोकाला स्पीकॉन लावा, तो फिरवून बसतो, कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही. आणि माईकची किंवा गिटारची केबल स्पीकरला कधीच नको.

बेळगावात घ्यावा, कोल्हापुरात की ऑनलाईन?

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तिथली मंडळी तिकडेच जातात. खानापूरवाल्यांना बेळगाव जवळचं. करामुळे फरक पडत नाही, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंना दर तोच आहे. दुरुस्ती कुठे होणार हे मात्र खरेदीआधी विचारा. मिक्सर बिघडला की तो पाठवायचा कुठे, किती दिवस लागतील, बिलावर सीरियल नंबर लिहून मिळेल का? अहुजा, स्टुडिओमास्टर, यामाहा ही नावं आपल्या भागातल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेली आहेत, सुटे भाग मिळवणं तुलनेने सोपं जातं. ऑनलाईन शंभर-दोनशे रुपये वाचतील, पण दुकानात स्वतःचे माईक आणि हार्मोनियम नेऊन ऐकता येतं. न्याच.

जुना घेतला तर?

चांगला मिळाला तर जरूर घ्या. एक माईक घेऊन प्रत्येक चॅनलला लावा, प्रत्येक घुंडी फिरवा. थोडी खरखर साफ होते, आवाज मध्येच गायब होत असेल तर सोडा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या, बॉक्स लावून, अर्धा तास मोठ्याने चालवा आणि मागच्या जाळीला नाक लावून जळका वास येतो का बघा. पंखा फिरतोय का? ४८ व्होल्ट चालू करून कॅननच्या १ आणि २ नंबरच्या पिनमध्ये मल्टिमीटर धरा, ४८ च्या जवळ दिसलं पाहिजे. ज्याच्याकडून घेताय त्याने तो मिरवणुकीत ट्रॅक्टरवर वापरला असेल तर मी घेणार नाही. धूळ आणि हादरे दोन्ही आत गेलेले असतात.

एकूण पैसे कसे वाटावेत?

सगळे पैसे मिक्सरवर घालू नका. माझा ढोबळ हिशेब: निम्मे बॉक्स आणि स्टँडला, तिसरा हिस्सा मिक्सरला, उरलेले माईक, केबल आणि स्टँडवरच्या क्लॅम्पना. स्टँड विसरू नका. बॉक्स जमिनीवर ठेवला की आवाज पहिल्या दोन रांगा खातात. डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर गेला की तोच बॉक्स मागपर्यंत पोचतो.

शिवजयंतीच्या चित्ररथावर किंवा दिंडीत चालेल?

चित्ररथ मिरवणुकीत शेजारच्या गाड्यांवर जे लावलेलं असतं त्याच्याशी स्पर्धा करायला हा मिक्सर नाही, त्यासाठी मोठा सेट भाड्यानेच आणा. दिंडीला बॅटरीवरचा चाकांचा स्पीकर आणि एक माईक बरा.

परवानगी लागते का?

लागते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी हवी, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. पोलीस ठाण्यातला अर्ज आठवडाभर आधी द्या आणि पोचपावतीची प्रत मिक्सरच्या पेटीतच ठेवा. बॉक्स रस्त्याकडे न वळवता बसलेल्या लोकांकडे थोडे खाली झुकवले तर शेजाऱ्यांनाही त्रास कमी होतो.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस इलेक्ट्रॉनिक्सला फार वाईट. जूनपासून चार महिने मिक्सर देवळाच्या खोलीत जमिनीवर ठेवू नका, कुणाच्या तरी घरी कोरड्या फळीवर ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. काम नसलं तरी पंधरवड्यातून एकदा तासभर चालू करा, आतली ओल निघते. थंड गाडीतून आणल्या आणल्या वर पाणी सुटलेलं दिसलं तर पुसून वीस मिनिटं थांबा. चालू करताना मास्टर शून्यावर, बंद करताना आधी मास्टर शून्यावर. आणि बुवांच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या मिक्सरच्या टेबलावर कधीच नको, त्याला वेगळा पाट मांडा.